बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन : वेळेवर म्हणजे नेमकं कधी?

आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात आज आपण जन्मतःच हृदयात दोष असलेल्या बाळांबद्दल बोलणार आहोत. गावात याला सरसकट 'हृदयाला भोक' म्हणतात. या विषयावर बोलायला आम्ही कुठल्याही गावात गेलो की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मोठं झालं की भोक आपोआप बुजतं." आणि दुसरं, "एवढ्याशा जिवाला कुठं कापायचं? जरा अंग धरू द्या, मग बघू." दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात. पहिलं तर काही बाळांच्या बाबतीत खरंही असतं. पण आपलं बाळ त्यातलं आहे की नाही, हे घरी बसून कळत नाही. आणि ज्या बाळांच्या बाबतीत ते खरं नसतं, त्यांच्यासाठी ऑपरेशनला एक मुदत असते. मुदत टळली की पैसे असले, डॉक्टर असले, तरी ते ऑपरेशन करता येत नाही. आजचं सगळं बोलणं या मुदतीबद्दल आहे.

आधी हृदय काय करतं ते बघू. आपल्या मुठीएवढं हे हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. उजवा पंप अंगातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. तिथं रक्तात प्राणवायू मिसळतो. ते रक्त डाव्या पंपात येतं आणि डावा पंप ते सगळ्या अंगाला पुरवतो. दोन्हींच्या मध्ये पडदा असतो. डाव्या पंपाचा जोर जास्त, कारण त्याला डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोचवायचं असतं.

आता या पडद्याला मोठं भोक असलं तर काय होईल? शेतात पाणी देताना मधलंच दारं फुटलं तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. मोटार दिवसभर चालते, पण पाणी भलत्याच वाफ्यात जातं आणि शेवटचं सरीवरलं पीक कोरडंच राहतं. बाळाच्या बाबतीत तसंच. डावीकडचं रक्त भोकातून पुन्हा उजवीकडे आणि तिथून फुप्फुसात जातं. फुप्फुसं रक्तानं भरतात म्हणून बाळाला धाप लागते, वरचेवर न्यूमोनिया होतो. अंगाला रक्त कमी पडतं म्हणून वजन वाढत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या दोषात फुप्फुसांकडे जाणारी वाटच अरुंद असते, किंवा मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या जागी जोडलेल्या असतात. मग प्राणवायू न मिळालेलं रक्त अंगभर फिरतं आणि बाळ निळं दिसतं.

हे किती बाळांना होतं? हजार बाळं जन्मली तर साधारण आठ-नऊ बाळांना. देशभराचा हिशेब केला तर वर्षाला दोन लाखांहून जास्त. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या बाळांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. आपल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीसेक हजार लोकवस्ती धरली, तर तिथं वर्षाला तीन-चार बाळं अशी जन्मतात. म्हणजे हा दोष दुर्मीळ नाही. तो ओळखला जात नाही, एवढंच.

हे कशामुळं होतं, हा पुढचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर घरात बऱ्याचदा सुनेकडे बोट दाखवून दिलं जातं. ग्रहणात विळीवर भाजी चिरली, पपई खाल्ली, जड उचललं. मैत्रिणींनो, यातल्या कशानंही बाळाच्या हृदयात दोष येत नाही. बाळाचं हृदय गरोदरपणाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. तोवर दिवस गेल्याचं अनेकींना धड कळलेलंही नसतं. बहुतेक बाळांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. काही कारणं मात्र माहीत आहेत. आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, फिटची काही औषधं, दारू, आणि डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतले दोष. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तरी धोका थोडा वाढतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, म्हणून हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या बाळाला दोष असेल तर पुढच्या खेपेला १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका आणि डॉक्टरांना आधीच्या बाळाबद्दल आवर्जून सांगा.

आता ओळखायचं कसं? अंगावर पिणारं बाळ घोट-दोन घोट ओढतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं. पिताना कपाळावर घाम येतो. अर्धा-अर्धा तास पाजूनही पोट भरत नाही. झोपेत श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील, तर तो वेगानं चाललेला श्वास आहे. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. वजनाची रेघ आडवी जाते किंवा खाली येते. निळेपणा बघायचा तर ओठ, जीभ आणि हिरड्या बघा. थंडीनं हातपाय निळसर होतात, त्याचा हिशेब वेगळा. जरा मोठं मूल खेळता खेळता दमून उकिडवं बसत असेल, तर तीही खूण आहे.

अशा बाळाचं पोट उडायला लागलं की आपल्याकडे 'डबा झालाय' म्हणतात आणि बिब्बा घालतात, चटके देतात. त्यानं बाळाला जखम होते, वेदना होतात, आणि मुख्य म्हणजे आठ-पंधरा दिवस वाया जातात. कृपा करून हे करू नका.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोठं भोक असलेलं बाळ जन्मल्यावर पहिले काही आठवडे चांगलं दिसू शकतं. जन्मावेळी फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळं भोकातून फारसं रक्त जात नाही. महिना-दीड महिन्यानं तो दाब उतरतो आणि मग धाप सुरू होते. आता आपल्या आशाताईंच्या भेटी आठवा. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे जेव्हा लक्षणं सुरू होतात, नेमक्या त्याच दिवसांत भेटींत खंड असतो. शिवाय तेव्हाच बाळंतीण माहेराहून सासरी जाते. माहेरच्या आशाताईंची वही माहेरी राहते आणि सासरच्या आशाताईंना बाळाची माहिती नसते. या दीड महिन्यात बाळाकडे बघणारे डोळे फक्त आईचे आणि आजीचे. म्हणून माहेरातून निघताना बाळंतविड्याबरोबर बाळाचं लसीकरणाचं कार्डही पिशवीत घाला, आणि सासरी पोचल्यावर तिथल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात निरोप द्या.

तपासणी अगदी साधी असते. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र करोनापासून सगळ्यांना माहीत झालंय. जन्मानंतर २४ तासांनी, दवाखान्यातून घरी जाण्याआधी, बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला ते लावून बघायला सांगा. आकडा ९५ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी पुढं तपासायला हवं. ९० च्या खाली असेल तर लगेच. पक्कं निदान टूडी एकोनं होतं. ती हृदयाची सोनोग्राफीच असते. सुई नाही, दुखणं नाही. एक मात्र सांगतो, डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज आला म्हणजे रोग आहेच असं नसतं. निरोगी मुलांतही असा आवाज येतो. एको झाल्याशिवाय घाबरू नका आणि एको टाळूही नका.

आता मुदतीकडे येऊ. आपल्या देशातल्या बालहृदयरोग तज्ज्ञांनी कोणतं ऑपरेशन कधी करावं याची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत. खालच्या दोन मोठ्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक लहान असेल, तर ते बऱ्याचदा आपोआप बुजतं आणि नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. तेच भोक मोठं असेल, तर सहा महिन्यांच्या आत बंद करायला हवं. वरच्या कप्प्यांमधलं भोक असेल आणि बाळाला त्रास नसेल, तर दोन ते चार वर्षांपर्यंत थांबता येतं. जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहिली असेल आणि ती मोठी असेल, तर तिसऱ्या महिन्यापर्यंत. निळेपणाचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो, त्याला फॅलोचा दोष म्हणतात. त्याचं ऑपरेशन साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान करतात. आणि दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली असेल, तर पहिल्या तीन आठवड्यांतच. म्हणजे बाराव्या दिवशी पाळण्यात घालायच्या आधीसुद्धा काही बाळांना मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं.

उशीर केला तर काय होतं? मोठ्या भोकातून फुप्फुसात जोरानं रक्त येत राहिलं, की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू जाड आणि कडक होतात. दाब वाढत जातो. अशा वेळी मुलाची धाप कमी होते, न्यूमोनिया थांबतो आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, अंग धरलं. खरं तर हीच धोक्याची घंटा असते. पुढं फुप्फुसांतला दाब इतका वाढतो की रक्त उलट्या दिशेनं वाहायला लागतं आणि मूल निळं पडतं. आता ते भोक बंद करता येत नाही. तुंबलेल्या रक्ताला तेवढीच एक वाट उरलेली असते. ती बंद केली तर जीव जातो. ज्या मुलाला पाचव्या महिन्यात एका ऑपरेशननं बरं करता आलं असतं, त्याला आता फक्त औषधांवर ठेवावं लागतं. "अंग धरू द्या, मग बघू" या वाक्यात हा धोका आहे. आणि मोठ्या भोकाचं बाळ अंग धरतच नाही. त्याचं वजन वाढत नाही ते भोकामुळंच. ऑपरेशन झालं की ते बाळसं धरतं.

उपचार दोन प्रकारचे. उघडी नळी आणि वरच्या पडद्यातली काही भोकं जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, छत्रीसारखं बटण बसवून बंद करतात. छातीवर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. बाकीच्यांना उघडं ऑपरेशन लागतं. त्या वेळी हृदय काही काळ थांबवतात आणि हृदय-फुप्फुसांचं काम मशीन करतं.

हे मशीन अजून रुळलेलं नव्हतं तेव्हाची गोष्ट ऐका. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी बाळाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी त्याच्या वडिलांच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या. बापाच्या हृदयानं आणि फुप्फुसांनी तेवढा वेळ दोघांचं काम केलं आणि डॉक्टरांनी बाळाच्या हृदयातलं भोक शिवलं. अशी ४५ ऑपरेशनं झाली, त्यांतली २८ मुलं बरी होऊन घरी गेली. आज बापाच्या जागी मशीन आहे आणि आकडे फार बदललेत. अनुभवी केंद्रात, वेळेवर, साध्या भोकाचं ऑपरेशन झालं तर शंभरात एखाद-दुसऱ्या बाळालाच धोका असतो. अवघड दोषांत तो जास्त असतो. बाळ फार कमी वजनाचं असेल किंवा न्यूमोनियातच नेलं असेल, तरीही वाढतो. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत पाजणं, लसी आणि वजन सांभाळणं हाही उपचारच आहे.

पुढं काय? वेळेवर भोक बंद झालेलं मूल शाळेत जातं, पळतं, शेतात काम करतं, संसार करतं. फॅलोच्या दोषाचं ऑपरेशन झालेली बहुतेक मुलं मोठी होतात, पण काहींच्या हृदयाची झडप पुढं गळते आणि पुन्हा उपचार लागतात. म्हणून त्यांनी आयुष्यभर तपासणी ठेवायची. काही बाळांना मुळात एकच पंप नीट तयार झालेला असतो. त्यांची टप्प्याटप्प्यानं दोन-तीन ऑपरेशनं होतात. ती मुलं जगतात, पण दोष पुरता जात नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा : "या ऑपरेशननं बाळ पूर्ण बरं होणार की पुढं आणखी करावं लागणार?" आणि हेही विचारा : "तुमच्याकडे वर्षाच्या आतल्या बाळांची ऑपरेशनं नेहमी होतात का?" असं विचारण्यात काही गैर नाही.

खर्चाचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. संशय आला की पथक चिठ्ठी देतं आणि जिल्हा रुग्णालयामार्फत एको आणि पुढची सोय होते. पथकाची वाट बघत मात्र बसू नका. चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही मिळते. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. आपण तिला अजून 'जीवनदायी'च म्हणतो. त्यात आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात, आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. बाळाचा जन्मदाखला, रेशनकार्ड आणि आईबापाचं आधार एका पिशवीत ठेवा. बाळाचं नाव रेशनकार्डावर लवकर चढवून घ्या. यादीवरच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटा. योजनेचा मोफत फोन १५५३८८. पैसे भरून घेतले आणि मग योजना विचारली, असं होऊ देऊ नका. आधी विचारा.

भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या बायांसाठी आणखी एक. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सहा महिने बाळ कोपीवर, फडात. पथक अंगणवाडीत येतं तेव्हा बाळ गावात नसतं. उचल घेतलेली असते, कोयता मोडता येत नाही, म्हणून एकोची तारीख पाडव्यानंतर ढकलली जाते. ज्या बाळाची मुदत सहा महिन्यांची, त्याचा सगळा वेळ एका हंगामात संपतो. म्हणून निघण्याआधी संशय असलेल्या बाळाचा एको करून घ्या. कागद सोबत न्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही ही सोय मागता येते. आणि मुकादमाशी बोलायचं झालं तर एकट्या बाईनं नको, बचत गटातल्या दोघी-चौघींनी मिळून बोला.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण बोलायलाच हवी. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाचं ऑपरेशन सांगितलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं पुढं काय झालं, ते त्यांनी पाहिलं. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं ऑपरेशन झालं. मुलींपैकी ४४ टक्क्यांचंच. दोष तोच, सल्ला तोच, दवाखाना तोच. फरक पडला तो घरात. "छातीवर व्रण राहील, लग्न कसं जमायचं?" हे आम्हीही आपल्याकडे ऐकतो. मैत्रिणींनो, व्रण ब्लाऊजखाली झाकला जातो. न बुजलेलं भोक झाकत नाही. फुप्फुसांचा दाब वाढलेल्या बाईला पुढं गरोदरपण जिवावर बेततं. मुलीला सासरी पाठवायची काळजी असेल, तर आधी तिचं हृदय दुरुस्त करून घ्या.

ऑपरेशनहून घरी आल्यावर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घालून उचला. छातीला मालिश नको. ताप, जखमेतून पाणी, पुन्हा धाप किंवा दूध न ओढणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दात रोज घासा, कारण किडक्या दातातले जंतू रक्तावाटे हृदयात जातात. निळ्या बाळाला ऑपरेशनआधी उन्हाळ्यात जुलाब लागले तर अंगावर काढू नका. पाणी कमी झालं की त्याचं रक्त घट्ट होतं. आणि ते रडून अचानक काळंनिळं पडलं तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि १०८ ला फोन करा.

आज हा कार्यक्रम ऐकून झाल्यावर एवढंच करा. घरात, शेजारी, भावकीत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ते पिताना दमतं का बघा, झोपेत श्वास मोजा, जीभ बघा. शंका आली तर उद्या सकाळीच आशाताईंना गाठा. एको झालेला असेल तर कागद काढा आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची कुठली मुदत सांगितली ते घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा. त्या तारखेच्या आड लग्नसराई, सुगी, हंगाम काहीही येऊ देऊ नका.